पोळ्याच्या रांगेतलं इंजिन

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या मोठ्या चाकावर चढता, माझ्या धुराड्यात खडे टाकता आणि मग एकमेकांना विचारता, हे काय आहे रे? तर ऐका. मी एक जुनं तेलाचं इंजिन आहे. अकोल्याच्या जुन्या शहरापासून थोडं वर, मोर्णा नदीच्या काठी, माळ्यांच्या मळ्यात मी पडून आहे. माझ्या टाकीत आता कोंबडी अंडी घालते. जुन्या वस्तूंना आपली कहाणी सांगताना मोठा हुरूप येतो, असं म्हणतात. तोफ सांगते, मी किती बुरूज पाडले. घड्याळ सांगतं, मी किती साहेब पाहिले. मला मात्र आपलं चरित्र सांगायचं म्हटलं की मान खाली घालावीशी वाटते. मला मानच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि लाजेनं लाल झालो तरी तुम्हांला कळायचं नाही, कारण गंजानं मी आधीच लाल आहे.

माझा जन्म विलायतेतला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आपला जन्म कोणाला आठवतो? आठवते ती बोटीच्या पोटातली अंधारी जागा, मुंबईच्या गोदीतला खारा वारा आणि मग आगगाडीच्या उघड्या डब्यातला लांबचा प्रवास. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आपला वऱ्हाड प्रांत मध्यप्रांताला जोडलेला होता. अकोल्याच्या स्टेशनात माझ्यावरची ताडपत्री निघाली आणि पहिला चेहरा दिसला तो खुशालरावांचा. डोक्याला रेशमी काठाचा फेटा, पायांत बूट, आणि बुटांवर मळ्यातला चिखल. त्यांनी माझ्या अंगाला कान लावला, जणू मी आतून काही बोलणार होतो. मग हमालांकडे वळून म्हणाले, असं इंजिन साऱ्या वऱ्हाडात नाही. तिथं पलीकडेच कापसातली सरकी काढायच्या जिनांची धुराडी दिसत होती, आणि त्या जिनांत माझ्याहून कितीतरी मोठी धुडं धडधडत होती. मला पहिल्याच दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुशालराव जातीचे माळी. बाप-आजे वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडूची फुलं पिकवून जुन्या शहराच्या बाजारात विकणारे. पण या माणसाच्या डोक्यात यंत्राचं वेड शिरलं होतं. माळीपुऱ्यात पहिली सायकल आणली ती त्यांनी. गोटीच्या बाटलीत सोडा भरायचं यंत्र आणलं ते त्यांनी. पोरासोरांनी सोडा प्यायला कमी आणि गोट्या पळवल्या जास्त. फोटो काढायचा डबा आणला, त्याचं पहिलं चित्र आपल्या आईचं काढलं. त्या चित्रात पार्बताबाईंचं लुगडं आलं, हात आले, शेजारची कोंबडीसुद्धा आली, फक्त डोकं आलं नाही. म्हातारीनं ते चित्र बरेच दिवस देवामागं लपवून ठेवलं होतं, कोणी पाहिलं तर अपशकुन नको म्हणून.

मी आल्यावर तर त्यांना अस्मान ठेंगणं झालं. मला चार चाकांच्या लोखंडी गाड्यावर बसवलं होतं, त्यामुळे मी कुठंही जाऊ शकत होतो, आणि खुशालरावांनी मला कुठं कुठं नेलं ते विचारू नका. आधी पिठाची गिरणी लावली. बायका ज्वारीच्या टोपल्या घेऊन आल्या, पण पीठ हाताला गरम लागलं. हे भूत पीठ भाजून देते, भाकरीले चव राहात नाही, असं एकीनं म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरची जाती पुन्हा घरघरू लागली. मग शेंगदाण्याच्या तेलाचा घाणा झाला. तो बंद पडला तशी मला मालगाडीत घालून अमरावतीला नेलं आणि तिथं तंबू ठोकून बायस्कोप सुरू केला. माझ्या जोरावर वीज तयार व्हायची आणि पडद्यावर माणसं हलायची. पण निम्मे लोक पडद्याकडे पाठ करून तंबूच्या मागं यायचे आणि मलाच पाहत उभे राहायचे. मी सारखा पुकपुक करत धूर सोडत होतो, आणि इतके डोळे आपल्याकडे लागले की कसं अवघडल्यासारखं होतं ते तुम्हांला ठाऊक असेलच.

खुशालरावांची एक रीत होती. काम कोणतंही असो, ते वाजतगाजत सुरू झालं पाहिजे. वाजंत्री आधी ठरायची, काम मागून. मला हार घालायचे, नारळ फोडायचे, दोन शब्द बोलायचे. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, असं माळीपुऱ्यातले लोक म्हणायचे आणि मी ते ऐकायचो. खुशालराव ऐकायचे नाहीत. ते पुढच्या कामाचा विचार करत असायचे.

आणि या सगळ्या काळात घरातली चूल कोणाच्या जिवावर पेटत होती? त्यांचे थोरले भाऊ नत्थुजी यांच्या मोटेवर. नत्थुजी कमी बोलणारे, उन्हानं रापलेले. त्यांची बैलजोडी म्हणजे लाल्या आणि चितऱ्या. लाल्या थंड डोक्याचा. चितऱ्या जरा भित्रा, मी सुरू झालो की कान टवकारायचा. दिवस उजाडला की दोघं विहिरीवरच्या उतारावर मागंपुढं करत मोट ओढायचे, पाटात पाणी पडायचं आणि वाफे हिरवे व्हायचे. मी अमरावतीहून हार घालून परत आलो की मला त्यांच्याच शेजारी, छपरात उभं करायचे. माझ्या गळ्यात झेंडूचा हार, आणि तो झेंडू वाढवला कोणी? त्या दोघांनी. त्यांच्या मानेवर जुवाचे घट्टे पडले होते. त्यांच्याकडे बघायची मला हिंमत व्हायची नाही.

माझ्याशी बोलायचं एकच माणूस, खुशालरावांची बायको कौशल्याबाई. फडक्यानं मला पुसता पुसता त्या साऱ्या घरचं सांगायच्या. नवरा माझ्याबद्दल लोकांना भाषण देत असला की त्या हळूच म्हणायच्या, "याचं काय म्हणणं असते ते मले समजते. तुमचं काय म्हणणं असते तेच समजत नाही." नळीतून येणाऱ्या आवाजावरून माझं तेल संपलं की गाळ साचला, हे त्यांना खुशालरावांच्या आधी कळायचं. मी जे पुढं सांगणार आहे, त्यातलं जे मी पाहिलं नाही ते मला त्यांनीच सांगितलं आहे.

एका वर्षी उन्हाळ्यात काठावरच्या साऱ्या विहिरींनी तळ दाखवला. मोट खाली जायची आणि अर्धा चिखल घेऊन वर यायची. वांगी वाळली, लग्नसराईचा झेंडू झाडावरच करपला. एक दोन घरं तर मळा सोडून जिनात मजुरीला जायच्या गोष्टी बोलू लागली. आणि गंमत अशी, की खाली मोर्णेच्या डोहात पाणी होतं. डोह भरलेला, मळे कोरडे, मध्ये फक्त उंच काठ. खुशालराव त्या काठावर उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात आयुष्यातला सगळ्यांत चांगला विचार आला. इंजिन डोहावर बसवायचं, पाणी वर उचलायचं आणि एकच लांब पाट खोदून सगळ्यांच्या मळ्यांतून फिरवायचा. मृगाच्या आधी त्यांनी मला डोहावर नेऊन, पाणी उपसायचा पंप जोडून चालवून दाखवलं. मी पाणी वर फेकलं. त्या पाण्याखाली गोवर्धनजींनी हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

गोवर्धनजी म्हणजे काठावरच्या माळ्यांत सगळ्यांत वडील माणूस. त्यांचा शब्द म्हणजे सगळ्यांचा शब्द. पाट सगळ्यांच्या जमिनीतून जायचा होता. एकानं नाही म्हटलं तरी पाणी तिथंच थांबणार. म्हणून साऱ्यांची संमती हवी होती. गोवर्धनजी म्हणाले, पोळ्याला सगळे एका जागी येतात. बैलांच्या रांगेवरचं तोरण तुटलं की तिथंच शब्द देऊ, आणि हिवाळ्यात खोदायला लागू. खुशालराव त्या दिवसापासून जमिनीपासून वीतभर वर चालू लागले. आजवर लोक त्यांना हसत होते. आता तेच लोक त्यांच्याकडं पाणी मागणार होते.

मित्रांनो, पोळा तुम्ही जाणता. वर्षभर राबणाऱ्या बैलाचा तो सण. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. म्हणजे त्या दिवशी बैल घरचा चाकर नसतो, पाहुणा असतो. त्याच्या अंगावर झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे वऱ्हाडात कोणाला शिकवावं लागत नाही. नत्थुजींनी त्या संध्याकाळी लाल्या-चितऱ्याचे खांदे चोळले तेव्हा मी शेजारीच होतो. चितऱ्या डोळे मिटून उभा होता.

खुशालरावांना मात्र वेगळंच सुचलं होतं. इंजिनालाही पोळ्यात न्यायचं. तोरणाखाली बैलांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं मला उभं करायचं, आणि तिथंच सगळ्यांसमोर शब्द घ्यायचा. सकाळीच माझ्या धुराड्याला गेरू लावला, चाकांना बेगड चिकटवली आणि पुढच्या बाजूला बैलाचं असतं तसं बाशिंग बांधलं. कौशल्याबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि फडकं घेऊन घरात निघून गेल्या. मी काय दिसत होतो ते मला त्यावरून कळलं.

दहाबारा जवानांनी दोर लावून मला ओढायला सुरुवात केली. पण श्रावणाचा पाऊस होऊन गेलेला, आणि काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय चीज असते ते वऱ्हाडातल्या माणसालाच कळतं. नाल्याजवळ माझी पुढची चाकं रुतली. ओढून ओढून पोरांची नवी धोतरं चिखलानं माखली. तिकडं तोरणाजवळ डफडं वाजू लागलं, तसे एकेक जण दोर सोडून आपापले बैल आणायला पळाले. त्यांचंही बरोबरच होतं, सण त्यांच्या बैलांचा होता. नाल्यात मी आणि खुशालराव, दोघंच उरलो.

नाल्याच्या काठावर कडूनिंबाखाली लाल्या आणि चितऱ्या सजून उभे होते. नत्थुजी त्यांना तिथं बांधून आईला आणायला घरी गेले होते, कारण दरवर्षी तोरणाजवळ बैलांना पहिला टिळा पार्बताबाई लावायच्या आणि म्हातारीला आता हात धरून आणावं लागायचं. खुशालरावांनी बैलांकडं पाहिलं. मग तोरणाकडं पाहिलं. मग पुन्हा बैलांकडं. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण बोलायला मला आधी घासलेट लागतं, आणि डोकं दिव्यानं तापवावं लागतं.

त्यांनी छपरातून जू आणलं. झूल थोडी मागं सारली. हळद-लोणी लावलेल्या त्या खांद्यांवर जू ठेवलं आणि लोण्यावरून ते घसरू लागलं, तर हातानं दाबून धरलं. मला वाटलं, निदान चितऱ्या तरी बिथरेल. एरवी माझ्या नुसत्या आवाजानं दचकणारा तो. पण नाही. जू मानेवर आलं की ओढायचं एवढंच त्यांना माहीत होतं. दोघांनी खुर रोवले, माना खाली घातल्या आणि मला चिखलातून काढलं. ज्यांच्या ओळीत शोभून दिसायला मी नटलो होतो, त्यांच्याच मानेवर बसून मी निघालो. इतका जड मी आयुष्यात कधी नव्हतो.

आम्ही तोरणाजवळ पोचलो आणि डफडं थांबलं. पोळ्यात झडत्या म्हणायची आपली रीत आहे. यमक जुळवून एकमेकांची टर उडवायची आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाच्या नावानं गर्जायचं. माझ्यावर दोनतीन झडत्या तयार होत्या, असं कौशल्याबाईंच्या कानांवर आलं होतं. त्या झडत्या कोणी म्हटल्या असत्या तर फार बरं झालं असतं, मित्रांनो. पण कोणी हसलं नाही. माणसं माझ्याकडं पाहत नव्हती, खुशालरावांकडंही नाही. सगळ्यांची नजर त्या जुवावर होती. खुशालराव हसत हसत काही सांगू लागले, की रस्ता खराब होता, की नाल्यापासूनच तेवढं, की बैलांना काही त्रास नाही.

इतक्यात पार्बताबाईंचा हात धरून नत्थुजी आले. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि पाहून झाल्यावर पदर कपाळाच्या खाली ओढून घेतला. नत्थुजींनी जू उतरवून बाजूला ठेवलं. डोक्याचा नवा फेटा सोडला आणि त्यानं बैलांचे खांदे पुसले. हळदीत आणि लोण्यात आता चिखल मिसळला होता. मग त्यांनी खाली बसून दोघांच्या खुरांवर डोकं ठेवलं, आणि ते बैलांना म्हणाले, "काल तुमाले आवतन देलं, अन् आज जेवाले आले त कामाले लावलं. आमच्या घरचा पाहुणचार असा. माफ करा, बाप्पा."

हळूच बोलले होते, पण सगळ्यांना ऐकू गेलं. खुशालराव जमिनीकडं पाहत होते. त्यांच्या बुटांवर नाल्यातला चिखल होता आणि हाताला लोणी लागलेलं होतं. ते हात कुठं पुसावेत हे त्यांना कळत नव्हतं. पार्बताबाईंनी दोन्ही बैलांना टिळा लावला आणि त्या माझ्या शेजारून पुढं निघून गेल्या. गोवर्धनजींनी तोरण तोडलं. नंतर ते खुशालरावांजवळ आले आणि फक्त इतकं म्हणाले, "खुशाल, पाट होत नाही."

सगळे आपापले बैल घेऊन घरी जेवायला गेले. मी बाशिंग बांधून तिथंच उभा राहिलो, नवरी नाही म्हणून निघून गेल्यावर उरलेल्या नवऱ्यासारखा. दुसऱ्या दिवशी मला परत नेलं ते खुशालरावांनी एकट्यानं, फळ्या टाकत, पहारीनं रेटत, हात-हात पुढं सरकवत. त्यांना कोणी मदत केली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. घरी आल्यावर त्यांनी मला ताडपत्रीनं पार झाकून टाकलं. मी आतल्या अंधारात होतो, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटलं.

त्या दिवसानंतर हा माणूस बदलला. बोलायचं थांबलाच म्हणा ना. बाजारात जायचं तर मागच्या गल्लीनं. समोरून कोणाची बैलगाडी आली तर तोंड फिरवून उभे राहायचे. हिवाळा आला आणि गेला, पाटाची एक कुदळ पडली नाही. उन्हाळा लागला आणि विहिरी पुन्हा आटल्या, आदल्या वर्षापेक्षा लवकर. नत्थुजी उजाडायच्या आत मोट धरायचे; लाल्या-चितऱ्या उतारावरून खाली जायचे, आणि मोटेत पाण्यापेक्षा गाळ जास्त यायचा. गोवर्धनजींची सून डोहावरून डोक्यावर घागरी आणून वांग्याच्या रोपांना ओंजळीनं पाणी घालायची. हे सगळं खुशालराव छपरातून पाहायचे. पाणी खाली होतं, मी इथं होतो, आणि मध्ये काठ नव्हता आता. मध्ये तो पोळा होता.

एक दिवस ते गोवर्धनजींच्या दारात गेले. कौशल्याबाई सोबत होत्या, त्यांनीच मला पुढचं सांगितलं. आत या म्हटलं तरी खुशालराव ओसरीवर चढले नाहीत, अंगणातच बसले. इंजिन किती पाणी उचलतं, पाट कुठून न्यायचा, यातलं काही बोलले नाहीत. म्हणाले, माझी चूक झाली, तिची सजा मले द्या, वांग्याले काहून देता? गोवर्धनजींनी तंबाखूची चिमूट चोळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "पाणी घेऊ. पण इंजिनले तुहा हात लागला नाही पाहिजे. पोळ्याले ज्या हातानं जू उचललं, तो हात आमच्या पाण्याले नको."

मित्रांनो, तुम्ही खुशालरावांना ओळखत नव्हता, म्हणून तुम्हांला याचं मोल कळायचं नाही. या माणसानं मला मुंबईहून मागवलं होतं. माझा एकेक स्क्रू त्यांनी आपल्या हातानं पिळला होता. मी नीट चालू लागलो की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळायचा. आणि कोणी एक वाक्य बोललं की त्यावर चार वाक्यं ऐकवायची त्यांची जन्माची सवय होती. त्या दिवशी ते म्हणाले, "बरं."

मग पाट खोदला गेला. सगळी घरं कुदळी घेऊन उतरली. खुशालरावांनी खोदलं, माती वाहिली, सगळ्यांत खालच्या टोकाला, जिथं खडक लागत होता तिथं. मला डोहावर नेलं ते माणसांनी ओढून. आणि मला चालवायचं कोणी, तर कौशल्याबाईंनी. नवरा दहा हात लांब दगडावर बसून सांगायचा, आता दिवा लावा, आता चाक फिरवा. त्यांना ते सगळं आधीच येत होतं. पण त्या दर वेळी विचारायच्या आणि तो सांगायचा. एकदा माझा पट्टा सटकला तेव्हा खुशालराव सवयीनं उठून धावले, आणि माझ्या जवळ येऊन हात पाठीमागं बांधून उभे राहिले. कौशल्याबाईंनी पट्टा चढवला. मला त्या हातांकडं पाहवेना.

पाणी सोडायच्या दिवशी मी जीव तोडून चाललो. मला पुढचं काही दिसत नव्हतं, पण पाट वळत वळत कोणाकोणाच्या मळ्यातून गेला ते लोकांच्या आवाजावरून कळत होतं. सगळ्यांत शेवटचा मळा गोवर्धनजींचा. तिथं पाटाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला होता, आणि पाणी आलं की घरातल्या वडील माणसानं तो फोडून पहिलं पाणी वाफ्यात घ्यायचं, अशी माळ्यांची पद्धत. खुशालराव तिथं फावडं घेऊन उभे होते, सगळ्यांच्या मागं, मजुरासारखे. पाणी आलं. आधी पानं-कचरा घेऊन, मग स्वच्छ. ते बांधाला येऊन थटलं आणि चढू लागलं. गोवर्धनजी जागचे हलले नाहीत. पाणी काठोकाठ आलं, आता वरून वाहून जाणार, तेव्हा ते मागं न बघता म्हणाले, "खुशाल, उभा काहून आहे? बांध फोड."

खुशालरावांनी बांध फोडला. कौशल्याबाई लोकांकडून ऐकलेलं मला सांगायच्या, पाणी वाफ्यात शिरलं, सगळ्यांनी महादेवाचा गजर केला, आणि हा माणूस फावड्यावर हात ठेवून खाली मान घालून उभा होता, ती मान त्यानं कितीतरी वेळ वर केलीच नाही. त्या दिवसापासून पाण्याला त्यांचा हात चालू लागला. पण मला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. पुढं गोवर्धनजींनी स्वतः सांगून पाहिलं, आता झालं गेलं विसर म्हणाले, तरी नाही. रोज संध्याकाळी येऊन लांब दगडावर बसायचे, माझा आवाज ऐकायचे आणि बायकोला सांगायचे की उजव्या बाजूला तेल कमी पडतंय. तेल खरंच कमी पडत असायचं.

नव्याची आवड मात्र त्यांची सुटली नाही, आणि सुटू नये असंच मला वाटायचं. पुढं त्यांनी लोखंडी नांगर आणला, औषध फवारायचा पंप आणला, माळीपुऱ्यातला पहिला रेडिओसुद्धा आणला. पण वाजंत्री कधी लावली नाही. सगळं गोणपाटात गुंडाळून मागच्या दारानं यायचं. रेडिओ घरात आलाय हे शेजाऱ्यांना तो बोलू लागला तेव्हा कळलं. आणि दर वेळी काही आणायच्या आधी ते नत्थुजींना विचारायचे, "दादा, हे कोनाच्या मानेवर तर येत नाही ना?" नत्थुजी कधी हो म्हणायचे, कधी नाही. हो म्हटलं की ती वस्तू आणलीच जायची नाही.

खुशालराव गेले, नत्थुजी गेले, कौशल्याबाईही गेल्या. डोहावर मग विजेचा पंप आला आणि मला इथं आणून ठेवलं. पंप चांगला आहे, धूर करत नाही, कोणाला त्याच्यापुढं नाचावंसं वाटत नाही. शहरातून कोणी पाहुणे आले की माझ्याकडं बोट दाखवून त्यांना सांगतात, या इंजिनानं मळे वाचवले. ते ऐकलं की मला अजूनही कुठं तोंड लपवू असं होतं, कारण मला चिखलातून कोणी काढलं होतं ते मला माहीत आहे. त्या दोघांची नावं सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून आज तुम्हांला सांगितली. लाल्या आणि चितऱ्या.

नवं ते अवश्य आणा, मुलांनो. यंत्राला भिऊ नका. त्यात वाईट काही नाही. पण ते दारात आलं की टाळ्या वाजवायच्या आधी जरा मागं वळून पाहा, ते कोणी ओढून आणलंय. परवा तुमच्यातल्या एकानं बाकीच्यांना म्हटलं, हे इंजिन घासूनपुसून चकचकीत करू आणि यंदाच्या पोळ्याला शाळेसमोर ठेवू. तुमचं मन मोठं आहे. पण मला नका नेऊ. पुसायचंच असेल तर पुसा, मी नाही म्हणणार नाही. फक्त त्याआधी गोठ्यात जाऊन या.